मुंग्यांना आपलं कोण, परकं कोण हे कसं कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंग्यांची रांग पाहताना एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाच्या नजरेत आलेली असते. समोरासमोर आलेल्या दोघी क्षणभर थांबतात, एकमेकींना मिशा लावतात आणि आपापल्या वाटेने जातात. त्या क्षणात काय घडतं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटली: मुंगीची ओळख तिच्या एकटीच्या मालकीची नसते. ती घरातल्यांकडून मिळते, रोज मिळत राहते, आणि मिळायची थांबली की हळूहळू निसटून जाते.

मुंग्या भेटल्यावर मिशा का लावतात? एकमेकींना निरोप देतात का?

आधी वास घेतात. मुंगीचं नाक म्हणजे तिच्या मिशा. शाळेच्या पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात. त्यांच्यावर असंख्य सूक्ष्म केस असतात आणि काही केसांना इतकी बारीक छिद्रं असतात की वासाचे कण त्यातून आतल्या चेतापेशींपर्यंत पोचतात. समोरचीच्या अंगावरून मिशा फिरल्या की ती घरची आहे की बाहेरची, याचा निकाल बहुतेक वेळा डोळ्याची पापणी लवायच्या आत लागतो. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही. फ्लोरिडातल्या मुंगळ्यांच्या एका जातीवर झालेल्या प्रयोगांत सुमारे १ सेंटीमीटर अंतरावरूनही हा वास ओळखता येतो असं दिसलं.

स्विस शास्त्रज्ञ ऑग्युस्त फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकातच वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांच्या मिशा कापून पाहिल्या होत्या. एरवी जीवावर उठणाऱ्या त्या मुंग्या मिशा नसताना एकत्र नांदल्या. प्रयोग क्रूर होता, वाचतानाही त्रास होतो. पण वैर डोळ्यांत नसून मिशांत आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

हा वास नेमका कशाचा असतो?

मेणाचा. कीटकाच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्याचं मूळ काम ओळख पटवणं हे नव्हे. इवल्याशा शरीरातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो असतो. तो थर नसेल तर कोरड्या हवेत मुंगी लवकरच सुकून मरेल. या थराचा मोठा भाग हायड्रोकार्बनांचा असतो, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबलचक साखळ्या. एका साखळीत साधारण २० ते ४० कार्बन अणू असतात. काही साखळ्या सरळ असतात, काहींना मधे छोटी फांदी फुटलेली असते, काहींत एखादा दुहेरी बंध असतो. एकाच मुंगीच्या अंगावर अशी अनेक संयुगं एकत्र नांदतात.

मग दोन वारुळांत फरक कुठे पडतो? मालवणी मसाल्याचं उदाहरण घ्या. धणे, मिरची, बडीशेप, लवंग, दगडफूल हे जिन्नस घरोघरी तेच, पण प्रत्येक घराचं प्रमाण आपापलं. म्हणून मावशीच्या घरची आमटी पहिल्या घासाला ओळखू येते. एका जातीच्या मुंग्यांत संयुगं बहुतेक तीच असतात, वारुळागणिक त्यांचं प्रमाण बदलतं. दुसऱ्या जातीची मुंगी असेल तर जिन्नसच वेगळे, त्यामुळे ती ओळखणं आणखी सोपं.

सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, म्हणून पाणी अडवायला त्या उत्तम. फांदीवाल्या आणि दुहेरी बंधाच्या साखळ्या पाणी अडवण्यात कमी पडतात, पण त्यांच्यात विविधता अधिक असल्याने ओळखीसाठी त्या जास्त उपयोगी ठरतात. अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांत उन्हात फिरणाऱ्या कामकरी मुंग्यांच्या अंगावर सरळ साखळ्यांचं प्रमाण वाढलेलं आढळतं. मायकेल ग्रीन आणि डेबोरा गॉर्डन यांनी २००३ साली दाखवलं की ही मुंगी बाहेर कोणतं काम करून आली, हेही आतल्या मुंग्यांना त्या वासावरून कळतं. म्हणजे एकाच मेणात घराचं नाव आहे आणि कामही.

मला हा वास का येत नाही?

या साखळ्या जड असतात आणि हवेत फारशा उडत नाहीत. आपल्या नाकासाठी त्या नसल्यासारख्याच. मुंगी चिरडल्यावर जो तिखट, आंबट दर्प येतो तो वेगळा. मुंगळ्यांसारख्या अनेक मुंग्यांत तो फॉर्मिक आम्लाचा असतो आणि ते त्यांचं शस्त्र आहे, ओळखपत्र नव्हे.

प्रत्येक मुंगी आपला वास स्वतः बनवते की सगळ्या वारुळाचा मिळून एकच असतो?

दोन्ही. आणि या विषयातला सगळ्यात सुंदर भाग इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेण प्रत्येक मुंगीच्या शरीरातच तयार होतं. कवचाखाली आणि चरबीच्या आसपास खास पेशी असतात, त्या हायड्रोकार्बन बनवतात. रक्तातलं एक प्रथिन ते उचलून कवचापर्यंत पोचवतं. आता वारुळातल्या सगळ्या मुंग्या आनुवंशिकदृष्ट्या तंतोतंत सारख्या नसतात. अनेक जातींत राणीचे नर अनेक असतात, कधी राण्याही अनेक असतात. प्रत्येकीने फक्त स्वतःचाच वास बाळगला असता तर एका वारुळात शंभर तऱ्हेचे वास झाले असते आणि बहिणीच एकमेकींना परक्या वाटल्या असत्या.

१९७९ साली रॉस क्रोझियर आणि त्यांच्या सहकाऱ्याने यावर दोन शक्यता मांडल्या. एक, प्रत्येक मुंगी आपला स्वतंत्र वास राखते. दुसरी, सगळ्यांचे वास एकमेकांत मिसळून घराचा एक सामायिक वास तयार होतो. दुसऱ्या शक्यतेला त्यांनी जर्मन मानसशास्त्रातून ‘गेस्टाल्ट’ हे नाव घेतलं. सुटे भाग दिसेनासे होऊन एकसंध आकृती उरते, असा त्याचा अर्थ.

पुढे तेल अवीव विद्यापीठात अब्राहम हेफेत्झ, व्हिक्टोरिया सोरोकर आणि त्यांचे सहकारी कॅटाग्लायफिस या वाळवंटी मुंगीवर काम करत होते. मुंगीच्या डोक्यात, घशामागे एक ग्रंथी असते. तिला बोटांसारखे फाटे असतात, एखाद्या हातमोज्यासारखी दिसते. कीटकांच्या जगात ही ग्रंथी जवळजवळ फक्त मुंग्यांतच आहे. ती कशासाठी आहे हे बरीच वर्षं नीट उलगडत नव्हतं. तिच्यातला द्रव तपासला तेव्हा त्यात कवचावरचेच हायड्रोकार्बन सापडले, आणि जवळपास त्याच प्रमाणात.

मग त्यांनी काही मुंग्यांच्या शरीरात किरणोत्सारी खूण असलेला कच्चा माल टोचला, म्हणजे त्या जे नवीन हायड्रोकार्बन बनवतील ते नंतर शोधता येतील. खूण केलेल्या मुंगीला दुसऱ्या मुंग्यांसोबत ठेवलं. काही काळाने ती खूण इतरांच्या घशामागच्या ग्रंथीत आणि कवचावर सापडली. एकीने बनवलेलं मेण दुसरीच्या अंगावर पोचलं होतं. ही ग्रंथी म्हणजे सगळ्या घराचं सामायिक भांडं. प्रत्येकजण त्यात आपला वाटा घालते आणि त्यातूनच स्वतःला माखते.

१९९९ साली याच गटाने आणखी थेट पुरावा दिला. त्यांनी परक्या वारुळातल्या मुंग्यांच्या या ग्रंथीतून फक्त हायड्रोकार्बन वेगळे काढले आणि घरच्याच मुंगीला लावले. घरच्यांनी तिच्यावर हल्ला केला. परक्या मुंगीला घरचे हायड्रोकार्बन लावले तेव्हा तिच्याशी वागणं सौम्य झालं. दोन्ही वेळा मुंगीच्या अंगात दुसरं काहीच बदललं नव्हतं.

हा वास एकमेकींना वाटला कसा जातो?

मुख्यतः तोंडातून. मुंगीला दोन पोटं असतात. एक स्वतःचं, दुसरं घरासाठी. बाहेरून आणलेला गोड द्रव ती घरच्या पोटात साठवते आणि परत आल्यावर भुकेल्या बहिणीच्या तोंडात तोंड घालून थेंब थेंब देते. या देवघेवीत घशामागच्या ग्रंथीतलं मेणही जातं. दुसरा मार्ग चाटण्याचा. मुंग्या स्वतःला आणि एकमेकींना सतत चाटून साफ करत असतात, ते मेण तोंडावाटे ग्रंथीत शिरतं आणि तिथून पुन्हा दुसऱ्यांच्या अंगावर.

सगळ्याच जाती तोंडाने अन्न देत नाहीत. काही जुन्या धाटणीच्या शिकारी मुंग्यांत ती पद्धतच नाही. तिथे चाटणं, अंगाला अंग घासणं आणि एका बिळात दाटीने राहणं यावर भागतं. बिळाच्या भिंतींनाही तो वास लागलेला असतो.

लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मुंगळ्यांच्या तोंडातोंडी दिल्या जाणाऱ्या द्रवाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात अन्न आणि ओळखीचे हायड्रोकार्बन होतेच, शिवाय अळ्यांची वाढ बदलू शकणारं संप्रेरक, प्रथिनं आणि सूक्ष्म आरएनएही होते. आपण ज्याला ‘घास भरवणं’ म्हणतो तसंच हे आहे. घासाबरोबर बरंच काही दिलं जातं.

नुकत्याच जन्मलेल्या मुंगीला कुठला वास असतो?

जवळजवळ कुठलाच नाही. कोषातून बाहेर पडलेली कोवळी मुंगी फिकट रंगाची, मऊ कवचाची असते आणि तिच्या अंगावर हायड्रोकार्बन फार कमी असतात. बाळ ज्या घरात असेल तिथलं होतं. पुढचे काही दिवस इतर मुंग्या तिला चाटतात, भरवतात आणि हळूहळू घराचा वास तिच्यावर चढतो. त्याच काळात तीही घरचा वास शिकते. बहुतेक जातींत अशा कोवळ्या मुंगीला परक्या वारुळात ठेवलं तरी ती सहसा स्वीकारली जाते. काही आठवड्यांनी हाच प्रयोग केला तर तिचे तुकडे होतील.

ॲडेल फील्ड या अमेरिकन बाईंनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वुड्स होल इथे हे पाहिलं होतं. त्याआधी त्या कित्येक वर्षं चीनमध्ये मिशनरी म्हणून होत्या, मुंग्यांकडे वळल्या ते साठी ओलांडल्यावर. वेगवेगळ्या जातींच्या नुकत्याच कोषातून बाहेर पडलेल्या मुंग्या एकत्र ठेवून त्यांनी मिश्र वारुळं तयार केली. एरवी एकमेकींना फाडून खाणाऱ्या जाती एका छपराखाली नांदल्या, एकमेकींची पिल्लंही सांभाळू लागल्या. रसायनं मोजणारी यंत्रं नव्हती, काचेची घरटी आणि चिकाटी एवढंच हाताशी होतं. त्यांचं काम जितकं माहीत व्हायला हवं तितकं झालेलं नाही, याची मला खंत वाटते.

घराच्या वासात राणीचा वाटा मोठा असतो का?

छोट्या वारुळात असू शकतो. नॉर्मन कार्लिन आणि बर्ट हॉलडॉब्लर यांनी १९८३ साली मुंगळ्यांच्या प्रजातीत दाखवलं की एका राणीच्या हाताखाली वाढलेल्या वेगवेगळ्या जातींच्या कामकरी मुंग्या एकमेकींना घरच्या मानतात, आणि दुसऱ्या राणीकडे वाढलेल्या सख्ख्या बहिणींवर हल्ला करतात. वारूळ हजारो मुंग्यांचं झालं की एकटी राणी सगळ्यांना पुरी पडत नाही. तिथे कामकरी मुंग्यांचं मिश्रणच भारी ठरतं.

मुंगी हा वास लक्षात कसा ठेवते?

हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि त्यावर चांगलाच वाद झालेला आहे.

पूर्वी असं समजलं जाई की मुंगीच्या डोक्यात घराच्या वासाचा एक नमुना असतो. समोरचीचा वास त्याच्याशी ताडून पाहायचा, जुळला तर सोडायचं, नाही जुळला तर चावायचं. २००९ साली फर्नांडो गुएरिएरी, पॅट्रिझिया देत्तोर्रे आणि सहकाऱ्यांनी या समजाला छेद दिला. त्यांनी युरोपातल्या मुंगळ्यांवर एक बारीक प्रयोग केला. घरच्या मुंगीला तिच्या घरात नसलेलं एखादं संयुग लावलं की बहिणी चिडत. पण घरात असलेलं एखादं संयुग परक्या वासात कमी आहे, यावर मात्र त्या भडकत नसत. म्हणजे मुंगी मित्र ओळखत नाही, शत्रू ओळखते. ‘हिच्याजवळ आपलं सगळं आहे ना?’ हा तिचा प्रश्न नसतो. ‘हिच्याजवळ आपलं नसलेलं काही आहे का?’ हा असतो.

हे समजल्यावर कोवळ्या मुंगीचं कोडंही सुटतं. तिच्या अंगावर काहीच नाही, मग परकं तरी काय असणार? म्हणून तिला कुणी हटकत नाही.

निर्णय मिशांत होतो की मेंदूत, हा पुढचा पेच. २००५ साली जपानी संशोधकांनी तिथल्या मुंगळ्यांच्या मिशांवर असे केस सापडल्याचं सांगितलं, जे परक्या वारुळाच्या वासालाच प्रतिसाद देतात आणि घरच्या वासाला मुके राहतात. घरच्या वासाची सवय होऊन मिशाच त्याकडे दुर्लक्ष करत असतील, असा अर्थ निघाला. आपल्यालाही स्वतःच्या घराचा वास येत नाही, पाहुण्याला येतो. पण २०१५ साली फ्लोरिडाच्या मुंगळ्यांवर झालेल्या कामात मिशांतल्या चेतापेशी घरचे आणि परके, दोन्ही हायड्रोकार्बन टिपताना दिसल्या. तसं असेल तर निवाडा पुढे, मेंदूत होत असणार. मला हे दुसरं म्हणणं अधिक पटतं, कारण घराचा वास ऋतूप्रमाणे, अन्नाप्रमाणे बदलत राहतो आणि मुंगी त्या बदलाबरोबर आपली आठवणही बदलते. असं सतत नवं शिकणं मेंदूशिवाय कसं होणार?

वासाची ही क्षमता काढून घेतली तर काय होतं?

मुंगी समाजातून हरवते. मुंगीच्या जनुकसंचात वास टिपणाऱ्या ग्राहींची जनुकं साडेतीनशे-चारशेच्या घरात असतात, फळमाशीत ती साठेक असतात. या बहुतेक ग्राहींना काम करायला ‘ऑर्को’ नावाचं एक जोडीदार प्रथिन लागतं. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी वेगवेगळ्या मुंग्यांत त्याचं जनुक बंद केलं. त्या मुंग्या रांग धरेनात, घर सोडून भटकत राहिल्या, मेंदूतला वासाचा भागही नीट वाढला नाही.

यातली एक मुंगी आपल्या ओळखीच्या मुलखातली आहे. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर, उडी मारून शिकार पकडणारी, लांब जबड्यांची आणि मोठ्या डोळ्यांची मुंगी, दक्षिण भारत आणि पश्चिम घाटातली. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक जर्डन यांनी १८५१ साली तिचं वर्णन केलं. २०१० साली ज्या दोन मुंग्यांचा जनुकसंच सर्वांत आधी वाचला गेला, त्यांतली एक हीच.

मग वास न येणारी मुंगी सगळ्यांवर हल्ला करते का? नाही. २०२० साली वँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी मुंगळ्यांचं ऑर्को औषधाने रोखलं, तेव्हा परक्यांवरचे हल्ले कमी झाले. वर सांगितलेल्या गोष्टीशी हे जुळतं: शत्रूचा वास नक्की आल्याशिवाय मुंगी चावत नाही.

भारतात यावर काम झालं आहे का?

मुंग्यांच्या भाऊबंदांवर, गांधीलमाश्यांवर फार मोलाचं काम झालं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकर यांच्या गटाने रोपालिडिया मार्जिनाटा या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गांधीलमाशीवर १९८० च्या दशकात प्रयोग केले. जन्मल्याबरोबर घरट्यापासून आणि बहिणींपासून दूर वाढवलेल्या माश्यांना नंतर आपलं-परकं ओळखता आलं नाही. ओळखीची खूण आणि ती ओळखायची क्षमता, दोन्ही घरट्याच्या सहवासातच येतात. ही माशी कागदासारखं घरटं बांधते. घराच्या कौलाखाली, खिडकीच्या कोपऱ्यात तिचं छोटं पोळं तुम्ही नक्की पाहिलं असेल.

आंब्यावरचे हुमले शेजारच्या झाडावरच्या हुमल्यांशी का भांडतात?

कोकणात आणि गोव्यात पानं विणून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना हुमले म्हणतात, काही गावांत ओंबील. त्यांचं एक कुटुंब अनेक झाडांवर पसरलेलं असतं, पानांची शंभरेक घरटीही असू शकतात. त्यामुळे झाड वेगळं म्हणजे कुटुंब वेगळं असं समजू नका. दोन झाडांच्या फांद्या टेकतात तिथे उभं राहून पाहा. हुमले निवांत इकडून तिकडे जात असतील तर घर एकच. एकमेकांच्या तंगड्या ओढत असतील तर ती दोन राज्यांची सीमा आहे.

अनेक प्राण्यांत ओळखीच्या शेजाऱ्याशी थोडं नमतं घेतात आणि अनोळखी आला की खवळतात. हुमल्यांचं उलटं आहे. ऑस्ट्रेलियात याच जातीवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेजारच्या कुटुंबाशी हुमले दूरच्यांपेक्षा अधिक आक्रमक वागले. वारंवार भेटणारा शेजारीच जमीन बळकावतो, म्हणून त्याचा वास नीट पाठ झालेला असतो. बांधावरून भांडणारी भावकी पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सीमेवर पहारा देणाऱ्या मुंग्या बहुतेक वयस्क असतात. कोवळ्या मुंग्या आत, अळ्यांपाशी.

खाणं बदललं तर वास बदलतो का?

बदलू शकतो, आणि परिणाम भयंकर होऊ शकतात. अर्जेंटिना मुंगीवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच वसाहतीतल्या काही मुंग्यांना एका विशिष्ट जातीची झुरळं खायला दिली. झुरळाच्या कवचावरचे हायड्रोकार्बन त्यांच्या अंगावर आले. मग त्यांना जुन्या सोबतिणींत सोडलं, तेव्हा सोबतिणींनी त्यांच्यावर हल्ला केला. दोन्ही गट कालपर्यंत एका घरातले होते.

घरापासून बरेच दिवस दूर राहिलेली मुंगी परत आली तर?

थोडे दिवस गेले असतील तर चौकशी जास्त होते. मिशा लावणं लांबतं, तोंडातोंडी देवघेव एरवीपेक्षा अधिक होते, जणू राहून गेलेला वाटा भरून काढायचा असतो. बरेच आठवडे गेले तर मात्र तिला परकी समजून हाकलतात किंवा मारतात. एकटी असताना तिच्या अंगावर फक्त तिचंच मेण उरलेलं असतं आणि घराचा वास दरम्यान पुढे सरकलेला असतो. हे वाचून मुंबईला राहून खूप वर्षांनी गावी परतलेली माणसं मला आठवतात.

एकच वास किती दूरवर पसरू शकतो?

हजारो किलोमीटर. अर्जेंटिना मुंगी दक्षिण अमेरिकेतून व्यापारी मालाबरोबर युरोपात गेली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, सुमारे ६,००० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या मुंग्या एकमेकींशी भांडत नाहीत असं दिसलं. इटलीची मुंगी उचलून स्पेनमध्ये ठेवली तरी ती घरचीच. याच पट्ट्यात कॅटलोनियात दुसरी एक महावसाहत आहे आणि तिच्याशी मात्र हाडवैर. आपसात न लढणाऱ्या या मुंग्यांनी तिथल्या स्थानिक मुंग्यांना मोठ्या प्रमाणावर हुसकावलं आहे.

नकली वास लावून कुणी वारुळात शिरतं का?

हो, आणि काही जण फार आत शिरतात. पॉलिएर्गस जातीची राणी दुसऱ्या जातीच्या वारुळात घुसते, तिथल्या राणीला चावून चावून मारते आणि त्या झटापटीत मेलेल्या राणीचा वास आपल्या अंगावर घेते. घरच्या कामकरी मुंग्या तिलाच राणी मानून सेवेला लागतात. ऑस्ट्रेलियात उड्या मारणारा एक कोळी हुमल्यांच्या अळ्या खातो, आणि त्या खाण्यातूनच त्याच घराचा वास त्याला चढतो. मग तो निर्धास्त घरट्यात फिरतो. आपल्याकडे हुमल्यांसारखा हुबेहूब दिसणारा कोळीही आहे, पण ते सोंग डोळ्यांनी पाहणाऱ्या शिकाऱ्यांसाठी आहे. मिशा जवळ आल्या की तो पळ काढतो.

पाण्यात भिजली तर ओळख पुसली जाते का?

नाही, मेण पाण्यात विरघळत नाही. पावसाळ्यात भिजून आलेली मुंगी घरचीच राहते. अल्कोहोलसारखे द्रव मात्र वेगळे. अल्ब्रेख्ट बेथे यांनी १८९८ साली मुंग्या अल्कोहोलने धुऊन त्यांना परक्या मुंग्यांचा रस लावला, तेव्हा घरच्यांनीच त्यांच्यावर हल्ला केला.

मुंग्या मेलेल्या मुंगीला उचलून नेतात, तोही वासच का?

हो. १९५८ साली एडवर्ड विल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेलेल्या मुंगीत तयार होणारं ओलेइक आम्ल जिवंत मुंगीला लावलं तर तिलाही बहिणी उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात. ती परत येते, पुन्हा टाकतात, वास जाईपर्यंत. अर्जेंटिना मुंगीत २००९ साली आणखी एक गोष्ट कळली: जिवंतपणी अंगावर असलेली दोन संयुगं मेल्यावर तासाभरात उडून जातात, आणि ती नसणं हीच मरणाची खूण ठरते.

रांगेचा वास आणि घराचा वास एकच का?

नाही. रांगेचा वास बहुधा पोटाकडच्या ग्रंथींतून जमिनीवर टेकवला जातो आणि काही वेळात विरतो. ओल्या फडक्याने फरशी पुसली की रांग गोंधळते, पण मुंग्या एकमेकींना तेवढ्याच ओळखतात.

घरी मुलांना हे दाखवता येईल का?

भांडणं लावून दाखवू नका, त्यात मुंग्या मरतात. त्यापेक्षा ही देवघेवच दाखवा. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या, काळ्या डोक्याच्या आणि जवळजवळ पारदर्शक पोटाच्या अगदी बारीक मुंग्या शोधा. साखरेच्या पाण्यात खायचा हिरवा किंवा लाल रंग घाला आणि त्यांच्या वाटेपासून वीतभर अंतरावर एकच थेंब ठेवा. पिणारीचं पोट रंगीत होतं, नुसत्या डोळ्यांनी दिसतं, भिंग असेल तर फारच छान. आता थेंबावर नजर ठेवू नका. घराकडे जाणाऱ्या रांगेत, भिंतीच्या त्या भेगेपाशी बसा. दोघी तोंडाला तोंड लावून थांबल्या की मुलांना मोजायला सांगा. थोड्या वेळाने, थेंबाकडे कधी फिरकलीच नाही अशी एखादी मुंगी हिरवं पोट घेऊन भेगेतून बाहेर येते.